लाइव्ह, अमळनेरहून

संध्याकाळी सातला प्रकाशन आहे,
सगळ्यांनी आपापला चहा हातात घेऊन यावं,
असं भावेशनं परवाच टाकलं होतं, फुग्यांच्या चित्रासकट.
येणं म्हणजे कुठंच न जाणं,
हे मी बोरसे वहिनींना दोनदा समजावलं.
तरी त्या पातळ बदलून दारात,
हातात कपबशी.
बसा म्हटलं, फक्त कॅमेऱ्यात येऊ नका.

कूलर बंद. त्याची घरघर लोकांना जाते म्हणे.
दुपारी चव्वेचाळीस होतं, भिंती अजून भाकरीच्या तव्यासारख्या.
फोन ज्वारीच्या डब्याला टेकवलेला,
डबा सरकू नये म्हणून मागे वरवंटा.
पुस्तकाला चमकीचा कागद मीच गुंडाळला,
सोडणारही मीच.
प्रमुख पाहुणे नाहीत, एक शाल वाचली.
नारळ मात्र आणलेला. तो ठेवायचा कुठे कळेना,
तर वहिनींनी मांडीवर घेतला, नातवासारखा.

'थांबा, जोडते' हे पुस्तकाचं नाव.
एकोणीस वर्षं टेलिफोन ऑफिसात हेच बोलले,
कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड,
सुरत, धुळे, मालेगाव,
अर्जंट की ऑर्डिनरी,
तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?
कापसाचे भाव, बाळंतपणं, एक मोडलेली सुपारी
माझ्या कानातून गेली.
मग बोर्ड गेला, मला बिलाच्या खिडकीत बसवलं.
तिथे कुणी कुणाशी बोलत नसे,
नुसते भांडत.

भावेशनं बोट वर केलं. सुरू.
कोपऱ्यात डोळ्याचं चित्र, शेजारी अकरा.
मग एकोणीस. मग सव्वीस.
एकानं लिहिलं, हॅपी बर्थडे ताई.
एकानं आजचा केळीचा भाव विचारला.
सुरतेहून नणंद:
वैनी, तू दिखी ऱ्हायनी, आवाज नई ई ऱ्हायना.
आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं,
हॅलो, हॅलो, अमळनेर बोलतंय,
त्याच जुन्या, नाकातल्या आवाजात.
वहिनी खुदकन हसल्या. ते मात्र सुरतेला ऐकू गेलं.

चिकटपट्टी निघेना. दातानं तोडली, सव्वीस जणांदेखत.
खालून लाल बदाम वर तरंगत गेले
आणि काचेच्या वरच्या काठाशी विरले.
त्यांची पोच कशी द्यायची, विचारायचं राहिलं.

पान सत्तेचाळीस वाचायला घेतलं:
एक बाई दर शुक्रवारी कॉल बुक करायची,
नवरा गिरणीत, परगावी.
लाइन जुळली की दोघंही गप्प.
तिसऱ्या मिनिटाला मी विचारायची, वाढवायचं का?
हो, म्हणायची. पुन्हा गप्प.
पैसे मोजून गप्प.
मेलेली लाइन आणि गप्प माणूस
यातला फरक मला झोपेतही कळायचा.
गप्प माणसाच्या मागे श्वास असतो,
लांबचा भोंगा असतो, कुणाचं तरी खोकणं.

चौदा. नऊ. चार.
तेवढ्यात लाइट गेले.
काचेवर एक गोल फिरत राहिला,
भावेश आपला फोन वर धरून अंगणभर रेंज शोधू लागला.
मी वाचत होते. पान पाठच होतं.
पण या काचेला कान लावून काही कळत नाही,
पलीकडे कुणी आहे,
की कुणी चुलीवर दूध ठेवून उठून गेलंय.

गोल थांबला. डोळ्याशेजारी: एक.
भावेश म्हणाला, काकू, तो मीच असेन.
मग आपल्या फोनकडे बघून म्हणाला, नाही, मी नाहीये.

मी पुस्तक खाली केलं,
त्या एकाकडे तोंड करून विचारलं,
तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?
'वाढवा की,' अंधारातून बोरसे वहिनी,
आणि नारळ घेऊन उठल्या,
डब्यामागचा वरवंटा ओढला,
फटकन वाढवला उंबऱ्यावर.

डबा सरकला. फोन उताणा पडला.
आता त्याला आमचं छप्पर दिसत असणार,
बंद पंखा,
आणि फोनच्याच उजेडात हलणारी कोळ्याची जाळी.
पाणी पायापर्यंत आलं.
एक तसाच होता.
मी पान उलटलं.