इतिवृत्तात न घेतलेलं

सभा सात वाजता, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये.
बंब बाहेर बर्फात नेऊन उभा केलेला.
खुर्च्या चाळीस, माणसं एकेचाळीस,
म्हणून मी खिडकीच्या कठड्यावर, वही मांडीवर.
लाउसित्सच्या या कोपऱ्यात एकोणीस वर्षं
गावाचं इतिवृत्त मी लिहिते:
कोण बोललं, काय ठरलं.
बाकीचं कुणी मागत नाही.

विषय एकच. खाण मिटली की दिवे कशावर लावायचे.

कंपनीचा पोरगा, लेनार्ट, नकाशा उलगडतो.
निळं ते तळं. तळ्यावर तरंगणारे आरसे, सत्तर हेक्टर.
(आरसेच म्हणाला तो. मी पॅनेल लिहिलं.)
तळं म्हणजे जुनी खाण, पाणी भरलेली,
लोखंडाने चहाच्या रंगाची, अजून मासा न टिकणारी.
त्या चहाखाली बेकरी होती,
हान्झाचं अंगण,
आणि एक उतार, ज्यावरून मी सायकल शिकले.

डेटलेव्ह उठला. एकतीस वर्षं खोदयंत्राच्या केबिनमध्ये,
अजून बोलताना खाली बघतो, उंचावरून बघावं तसा.
"नोव्हेंबरात ऊन नाही, वारा नाही,
सलग अकरा दिवस धुकं. तेव्हा काय, नकाशा जाळायचा?"
लोक हसले. लेनार्टही हसला, बिचारा.
"बॅटऱ्या असतील."
"किती तासांच्या?"
"चार."
"अकरा दिवसांचे तास किती हो, मास्तर?"
"दोनशे चौसष्ट," त्सीशांग मास्तर पटकन म्हणाले,
आणि उठलेच आहोत तर म्हणून
हवेत बोटाने अणू काढून दाखवला.
मूठभर इंधन, पिढीभर वीज, धूर नाही.

"आणि राख?" रोस्वीटाने विचारलं.
"राख नसते त्यात."
"जे काय उरतं ते. ते कुठे पुरणार?
इथे पुरलेलं काही जागेवर राहत नाही."

यावर कुणी बोललं नाही.
आईचा दगड हलवला तेव्हा त्याच्या पाठीवर
खडूने आकडा घातला होता, चारशे सतरा.
नव्या स्मशानात पाऊस पडला, आकडा गेला.
दगड तिचाच आहे. खाली तीच आहे
असं आम्ही धरून चालतो.

कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात.
आमचा तपकिरी. उगाळला की मातीच वाटते,
आणि मातीवर राग धरता येत नाही नीट.
त्याने गाव खाल्लं, त्यानेच गावाला पगार दिला,
माझे दात, डेटलेव्हच्या मुलीचं शिक्षण,
हे छप्परसुद्धा.

मग हान्झा. ब्याण्णव वर्षांची, आधी आमच्या वेंड बोलीत,
मग लेनार्टसाठी जर्मनमध्ये, सावकाश:
"वारा, ऊन, तुमचा तो अणू, काहीही आणा.
एवढंच सांगा, त्यासाठी पुन्हा उठावं लागेल का?"
"नाही, आजी. कुणालाच नाही."
"मागच्यालाही असंच कोट घातलेलं पोरगं आलं होतं."

मतदान. आरशांच्या बाजूने एकोणीस.
विरोधात एकोणीस.
हान्झाने दोन्ही वेळा हात वर केला होता.
अध्यक्ष म्हणाले, असं चालत नाही.
ती म्हणाली, "माझी दोन गावं झाली. दोन मतं."
बेनो झोपलेला. अध्यक्षांना मत नाही, पाहुण्याला नाही.
मग सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं.

माझा हात लिहिण्यात गुंतला होता.
खरं तर मी तेव्हा काहीच लिहीत नव्हते,
पेन नुसतं कागदावर टेकवून होते.
पलीकडच्या काठावर पवनचक्क्यांचे लाल दिवे
एकदम लागत होते, एकदम विझत होते,
पाण्याखालच्या बेकरीवर.

सभा तहकूब.
शेगडीत शेवटच्या विटा डेटलेव्हनेच टाकल्या होत्या,
कोळशाच्या, दाबून केलेल्या, कंपनीचं नाव कोरलेल्या.
दगडापेक्षा वीट मऊ, तो म्हणाला, आणि हात झटकले.
सगळे गेल्यावरही बराच वेळ
लोखंडाला हात लावता येत नव्हता.

खर्चाच्या रकान्यात मी लिहिलं:
विटा, दोन बादल्या.