रद्दबातल

जिलब्या मारुतीमागे दाबके वकिलांचा जिना
इतका अरुंद, की मुकुंद म्हणाला, तू पुढे हो.
वर दोनच खुर्च्या. तिसरी फायलींची.
"यांना बाहेर बसू दे," वकील म्हणाले,
"ज्याला मिळणार, त्यानं समोर नसलेलं बरं."
मग मुकुंद बाहेर, दोन्ही हेल्मेटं मांडीवर घेऊन,
दाताच्या डॉक्टरकडे सोबतीला आलेल्या माणसासारखा.

मी पिशवीतून जुना कागद काढला,
एकोणीस वर्षांचा, घडीवर पिवळा.
तेव्हा मी बेचाळीसची, टेलिफोन खात्यात,
लग्नाचा विषय घरच्यांनीही सोडलेला.
सहकारनगरचं वन रूम किचन, चार बांगड्या, पोस्टातली रक्कम,
हे सगळं
शेजारच्या टेबलावरच्या हेमलता सोनटक्केला.
माझ्या ऑपरेशनच्या वेळी ती अकरा रात्री
ससूनच्या बाकावर झोपली होती
आणि नंतर त्याबद्दल कधी बोलली नाही.
मीही बोलले नाही.
लिहून ठेवलं.

"लग्न झालं म्हणून हे आपोआप जात नाही बरं का,
तुमच्या बाबतीत लिहूनच रद्द करावं लागतं."
म्हणजे गेली पाच वर्षं
मी मुकुंदच्या ताटात आमटी वाढत होते
हेमलताच्या घरात.

टायपिस्ट मुलगी भरभर वाचत गेली:
पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने,
यापूर्वीचे इच्छापत्र याद्वारे रद्दबातल.
"नातं?"
"पती."
अजून तो शब्द नव्या चपलेसारखा लागतो.
डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता.
बुधवार.
मग त्यांनी आणि खालच्या दूधवाल्यानं साक्षीच्या सह्या केल्या.

मुकुंदला घर लिहून दिलं, यात वावगं काही नाही.
तो बटाटे सोलून देतो,
रात्री गॅसचा कॉक दोनदा उठून बघतो.
पण जिना उतरताना हिशोब लागेना.
जे दिलं होतं ते हेमलताला ठाऊक नव्हतं,
काढून घेतलं तेही नाही.
चोरी म्हणावी तर वस्तू माझीच.
माफी मागावी तर आधी सांगावं लागणार.
"झालं?" मुकुंदनं विचारलं.
"झालं."
"चहा?"
मी हेल्मेट घातलं, म्हणजे उत्तर द्यायला नको.

जुनं फाडून टाका, वकील म्हणाले होते, उगाच घोळ.
ते अजून साड्यांखालच्या कागदाखाली आहे.

रविवारी निगडीची बस धरली.
हेमलताचे गुडघे गेलेत, पोह्यांत मीठ विसरली.
दोन बांगड्या तिच्या हातात चढवल्या,
साबण लावावा लागला.
"अगं, हे कशाबद्दल?"
बाकाबद्दल, म्हणायचं होतं.
म्हटलं, "मला सैल होतात."
नव्या कागदात चार लिहिल्यात.
दोन कमी भरतील. मुकुंद मोजणार नाही.

ती हात उजेडाकडे धरून बघत राहिली.
"परत मागशील हं," म्हणाली हसून,
"तुझा काय भरवसा."