सोफ्याच्या पोटातलं

डलूथला एप्रिल म्हणजे अजून हिवाळाच.
सरोवरावरचा बर्फ रात्रभर करकरतो,
आणि इर्या कोस्केला, माझी मालकीण,
करखात्याची पाकिटं न उघडताच
एका हिरव्या सोफ्याच्या पोटात ढकलते.
गिऱ्हाईक वारलं, सोफा दुरुस्तीला तसाच राहिला होता.

आज त्यांची मुलगी आली. ट्रक घेऊन.

मग काय, शिवण उसवावी लागली.
काथ्या, घोड्याचे केस, एक नाणं
आणि एकोणीस पाकिटं.
मी सुरीनं फोडत गेलो, ती मोठ्यानं वाचत गेली,
कापडाची मापं वाचावीत तशी:
मुद्दल. दंड. व्याज. दंडावरचं व्याज.

सातव्याशी अडखळली.
"हे तुझे, ऑर्विल.
तुझ्या पगारातून कापले, भरलेच नाहीत.
त्या जानेवारीत बॉयलर फुटला होता."

मला बॉयलर आठवला.
त्या जानेवारीत माझी बोटं गरम होती.
रागवावं का, ठरेना.
सुईत दोरा ओवत बसलो.

फोनवर पावणेदोन तास तीच ती धून.
मग कुणी बाई, पेंगुळलेली, पण बरी.
महिना दोनशे चाळीस डॉलर, सहा वर्षं.
इर्यानं आकडा खडूनं
कापायच्या टेबलावर लिहिला.
त्यावर कापड अंथरलं नाही.

संध्याकाळी मुलगी सोफ्यावर बसून बघत म्हणाली,
आईच्या वेळी हा असा कुरकुरत नव्हता.

इर्यानं माझ्याकडे पाहिलं.
एक राहिलं असणार.