जांभळी खूण

पत्र्यावर खुणा करणं हे माझं काम.
हिदच्या गोदीत, अकरा वर्षं.
खडूची रेघ, पंचचे ठिपके,
मग कटर येतो, वेल्डर येतो,
रेघ जळून जाते. जहाज राहतं.

चष्म्याला वैतागलो होतो.
एसीतून बाहेर पाऊल टाकलं की काचांवर वाफ,
ऑगस्टात तर अख्खा समुद्र नाकावर बसायचा.
साठवलेले दिनार घेऊन मनामाला गेलो.

डॉक्टर नदीमनी लेसरआधी
बुबुळावर पेनाने जांभळ्या खुणा केल्या.
पापुद्रा उचलायचा, परत ठेवायचा,
तर रेघेला रेघ भिडायला हवी.
पडल्या पडल्या मी मान डोलावणार होतो,
नर्सने कपाळ धरलं.

दुसऱ्या दिवशी दिव्यांना लोकर फुटली.
डॉक्टर यंत्रामागे बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, शाई जरा जास्त उतरली,
सूज आहे, खुणेच्या कडेकडेनेच.
जाईल.
सूज की डोळा,
हे विचारायचं राहिलं.

लहानपणी गुडघा फुटला की
आई असलंच जांभळं औषध लावायची, कापसाने.
शाळेत सगळ्यांना कळायचं
कोण कुठे आपटलं.

दर तासाला गजर, दर तासाला परकारची जाड बोटं.
रात्रपाळी करून आलेला माणूस,
"वर बघ. बल्ब बघ. माझं थोबाड नको."
थेंब गालावरून कानात जायचा,
तो शिवी द्यायचा, दुसरा टाकायचा.

सुनंदाचा फोन आला. कॅमेरा लावला नाही.
म्हटलं, नेट बरं नाही आज.
ती म्हणाली, आवाज तर स्वच्छ येतोय.
मग दोघंही थोडा वेळ
त्या स्वच्छ आवाजात काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरचे वार दिसले.
सहाव्या दिवशी तारखा.
नवव्या दिवशी डॉक्टर यंत्रामागून म्हणाले,
गेली.

गोदीत परतलो. नाक हलकं, उघडं.
पहिल्याच पाळीत दिसलं:
टाकीतला तो ब्रॅकेट, त्याच्या कडेला
चष्मा असतानाचे माझे ठिपके,
नकाशापेक्षा एक सूत बाहेर.
वेल्ड झालेलं. रंगसुद्धा झालेला.
आजवर कोणी बोललं नव्हतं.

खिशातून खडू काढला.
ठिपक्यांवर बोट फिरवलं,
खडू परत ठेवला.

जहाज गुरुवारी निघालं.