फणसाचा भुसा

फेस्ताचे मांडव उतरले की आम्ही निघतो.
इनासच्या खांद्यावर बांबूची शिडी,
माझ्या पिशवीत पकड, खरवडणी, ग्रीसचा डबा
आणि सायकलला बांधलेली भुशाची गोण,
फणसाचा भुसा, पिवळाजर्द, इनासच्या दुकानातला.
इनास शवपेट्या करतो.
तळ्यावर तो विषय निघत नाही.
पण खिळा ठोकण्याआधी ओठांत धरून ओला करायची सवय
दोन्हीकडे सारखीच.

करमळीच्या काठाला आंबे होते, म्हातारे, ढोली पडलेले.
रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेले.
काणूक बदकं, दोन मुठींएवढी, कापूस पिंजून केल्यासारखी,
त्यानंतर दोन पावसाळे विजेच्या खांबांभोवती फिरली.
खांबाला कुठे दार आहे का, बघत.
"आमी करूंया," इनास म्हणाला.
मी फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी एकतीस वर्षं काढलेला माणूस,
मला बदकांतलं काय कळतं?
मला ग्रीस कळतं.
म्हणून प्रत्येक माडाला पत्र्याची कॉलर, कॉलरवर बोटभर ग्रीस,
धामण चढली तर घसरून खाली यावी.
तरी चढते.

पहिल्या पेटीत साळुंकीने मांडलेला संसार:
सुतळी, पेपरमिंटचा कागद, लॉटरीचं तिकीट.
इनास चष्मा लावून नंबर वाचतो,
मग खिशात ठेवतो.
दुसरीत गांधीलमाश्या, म्हणून दुसरी उद्या, धुरासकट.
तिसरीत कात. अखंड, डोळ्यांच्या जागेसह.
अंड्याचं एक टरफलही नाही.
कोणी काही बोलत नाही. मी ग्रीस जरा जास्त लावतो.

चौथी रिकामी. नऊ वर्षं रिकामी.
"हांगा कोण रावता रे?" तो दरवर्षी विचारतो
आणि दरवर्षी जुना भुसा झाडून नवा घालतो,
मधोमध चार बोटांनी खळगा करतो, वाटीएवढा,
कोणी आत्ताच उठून गेल्यासारखा.

पाचवीत पापुद्रे. कांद्याच्या सालीसारखे वाळलेले.
मोजले, अकरा.
आणि एक अंडं तसंच राहिलेलं, हलवलं तर खुळखुळणारं.
म्हणजे अकरा जणांनी उडी मारली.
एका दिवसाचं वय, पंख म्हणजे नुसती लव,
खाली पाण्यातून आई हाक मारते,
आणि बारा फुटांवरून एकेक जण स्वतःला सोडून देतो.
हे मला ऐकून माहीत. पाहिलेलं नाही.
श्रावणात तीन पहाटा छत्री धरून बसलो होतो.
चौथ्या दिवशी बँकेने पुन्हा हयातीचा दाखला मागितला.
मी जिवंत आहे असं पणजीत लिहून देऊन परतलो,
तोवर पेटी रिकामी.
इनास असता, पण त्या दिवशी त्याचं काम निघालेलं.

पेटीच्या आत, भोकाखाली, त्याने पटाशीने आडव्या खाचा पाडल्यात.
गुळगुळीत फळीवर पिल्लांची नखं टिकत नाहीत.
मी विचारलं होतं, एवढं कशाला?
"माझ्या बाकीच्या पेट्यांना खाचा लागत नाहीत,"
तो म्हणाला, आणि पुन्हा खिळा ओठांत धरला.

यंदा त्याचा हात थरथरतो. शिडीवर मी,
तो खाली पाय रोवून, वर बघत, सूचना देत,
जणू फेरीबोट धक्क्याला लावतोय.
सहावीचं झाकण फुगलंय. सातवीचं बिजागर बदललं.
मुंबईकडे जाणारी गाडी गेली,
पाण्यावरची सगळी पाखरं उठली, पुन्हा बसली.

"चौथी दुसरीकडे हलवूया?"
तो बराच वेळ माडाकडे बघतो.
"राव. आनीक एक वर्स."

गोणीच्या तळाशी ओंजळभर भुसा उरतो.
तो झटकत नाही, तोंड बांधून घरी नेतो.
उशीत भरायला लागतो, म्हणतो.
कोणाच्या, ते मी विचारत नाही.