आडवी दांडी

नवी पेठेतल्या अभ्यासिकेला दार एकच.
येण्याचं तेच, आग लागली तर सुटण्याचंही तेच.
दोन लॅपटॉप गेले, तेव्हा घोगरेसाहेबांनी
बोहरी आळीतून साखळी आणली.
रात्री अकराला मी ती ओवायचो.
आत चाळीस पोरं,
किल्ली माझ्या खिशात
आणि मी कोपऱ्यावर, चहाला.

एकदा वायर जळल्याचा वास आला.
काही नव्हतं, पंख्याचा कंडेन्सर.
धावत येऊन उघडलं तर
गेवराईची उत्तमा दाराशी उभी, अनवाणी,
पुस्तक छातीशी.
मला काही बोलली नाही.

आता दाराला आडवी दांडी आहे.
बाहेरून ते भिंत असतं,
आतून कमरेचा धक्का पुरे.
वर भोंगा कोकलतो,
चोर असो की कोणी.

साखळी सायकलला लावतो.
खिसा मात्र अजून चाचपतो
अकराच्या सुमारास.