परखी

शाळेची चिठ्ठी मैथिलीने
दोन दिवस दप्तराच्या तळाशी ठेवली होती.
"पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या. लक्ष द्यावे."
खाली बाईंची सही, आणि जिथे तिचं नाव होतं तिथे
खोडरबराने घासघासून पडलेलं भोक.

वैजूची महाप्यात दुसरी पाळी,
ती घरी येते साडेअकराला.
म्हणजे हे काम माझं.

मी वाशीच्या दाणा मार्केटात परखी मारतो.
पोत्याच्या कुशीत नळी खुपसायची,
मूठभर तांदूळ तळहातावर घ्यायचा, बघायचं
खडा किती, तुकडा किती, टोका आहे का.
बावीस वर्षं.
व्यापारी माझा तळहात बघून भाव बोलतात.
आणि घरात, दोन वेण्यांच्या खाली,
मला काहीच दिसलं नव्हतं.

पाष्टेकाकू म्हणाल्या, रॉकेल चोळा, फडकं बांधा.
(रॉकेल आता मिळतं कुठे, ते मात्र त्यांना सांगता येईना.)
खालच्या मजल्यावरून आलं, टक्कल करा, सुट्टीत वाढतील.
हे ऐकून मैथिली मोरीत जाऊन बसली, कडी लावून.
गोदामातला दत्तू म्हणाला, अरे, पोरकिड्यांची ती गोळी
आपल्याकडे पडलेलीच असते, चिमूटभर कुटून—
मी त्याला बोलू दिलं नाही.
ती गोळी ठेवली की आम्ही ताडपत्री ओढतो,
कडेने वाळूच्या पिशव्या दाबतो
आणि आठवडाभर त्या बाजूला फिरकत नाही.
एकदा आत मांजर राहिलं होतं.

आरोग्य केंद्रातल्या चोरघे सिस्टर म्हणाल्या,
ऊ उडत नाही हो, उडीही मारत नाही.
डोक्याला डोकं टेकलं की चालत जाते.
धुतलेलं डोकं, मळलेलं डोकं, तिला सारखंच.
औषध दिलं, कधी, किती, पुन्हा कधी ते लिहून दिलं,
आणि म्हणाल्या, पण फणी चुकवू नका.

तर कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत
ट्यूबलाइटखाली स्टूल,
ओले केस, दोन रुपयांची कंडिशनरची पुडी,
मांडीवर माझा पांढरा रुमाल.
मानेपासून वर, कानामागून, मुळापासून टोकापर्यंत,
प्रत्येक वेळी फणी रुमालावर पुसायची.
पहिली आली. तिळाएवढी. पाय हलवत.
टोक्याला सोंड असते, हिला नाही.
सतरा मोजल्या.
लिखा मात्र डिंकासारख्या,
त्या नखानेच ओढायच्या, एकेका केसावरून,
आणि माझी नखं पोती उसवून बोथट झालेली.

"आफरीनला मागच्या बाकावर बसवलंय,"
ती भिंतीकडे बघत म्हणाली.
"आम्ही एकाच पुस्तकात डोकं घालून वाचायचो.
तिच्याकडून आल्या की माझ्याकडून गेल्या?"

पोत्याला पोतं लागलं की टोका
इकडून तिकडे जातो, मी म्हणालो.
भाव पोत्याचा पाडतात.
पोत्याने काय केलेलं असतं?

कॅलेंडरवर सिलिंडरच्या तारखेशेजारी
दर तिसऱ्या दिवसाला गोल.
दुसऱ्या गोलाला नव्याने फुटलेली पिल्लं,
इतकी फिकट की आधी मला वाटलं कणीच.
चौथ्याला एक.
मध्येच एका रात्री वैजूचं डोकं, ती बसल्याबसल्या झोपलेली,
तिच्यात चार.
फणी दर वेळी कढत पाण्यात.

शेवटच्या गोलाला रुमाल कोरा राहिला.
तरी मी आणखी दोन गोल काढले.
सवय.

रविवारी मैथिलीने एक नवी फणी वर्तमानपत्रात गुंडाळली,
वर पेनाने लिहिलं "कानामागून सुरू कर"
आणि आफरीनच्या घरी देऊन आली.
मग मला म्हणाली, बस.

मी बसलो.
तिने विंचरलं, थांबली.
"बाबा, कोंडा आहे."
कसला, मी विचारलं.
तिने तो तळहातावर घेतला,
खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा मिटून,
माझ्यासारखाच.

"गव्हाचा."